भिंतीतली नळी

माझ्या वडलांनी मला देताना मुलगा पाहिला नाही, नदी पाहिली, असं मी पुढं कित्येक वर्षं नवऱ्याला चिडवायचे. त्यात थट्टा कमी आणि खरं जास्त होतं. माझं माहेर म्हसवडच्या पलीकडं, माणदेशात. बहात्तरचा दुष्काळ आमच्या डोळ्यांदेखत गेला. आई खडी फोडायला जायची आणि मी घागर घेऊन दोन कोस चालायची. तेव्हाच वडलांनी मनाशी ठरवलं होतं की पोरीला पाण्याच्या गावात द्यायची. पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातलं स्थळ आलं. मुलगा फौजेत, सासरा फौजेतून निवृत्त होऊन आलेला, थोडं भाताचं रान. वडील एकदा जाऊन नदी बघून आले आणि सुपारी फुटली.

पाणी म्हणजे काय हे मला तिथं गेल्यावर समजलं. आमच्याकडं पाऊस यायचा तो पाहुण्यासारखा, घटकाभर बसून निघून जायचा. इथं तो जूनमध्ये यायचा आणि नवरात्रापर्यंत हलायचा नाही. लुगडी वाळायची नाहीत. काडी ओढली तर गूल निघून यायचा. चपलांवर पांढरी बुरशी धरायची. आणि लाकडं, उन्हाळ्यात कितीही वाळवून माळ्यावर रचली तरी श्रावणापर्यंत ओलसर व्हायचीच. मग चूल पेटायची कमी आणि धुमसायची फार. सगळं घर धुरानं भरून जायचं आणि पावसानं दारंखिडक्या उघडायची सोय नसायची.

या धुरात माझ्या सासूचा जीव जायचा. तिला दमा होता. मी तिला आत्या म्हणायची, तिकडं सासूला तसंच म्हणतात. काळीसावळी, अंगानं किरकोळ, पण जीभ अशी की गावातले बाप्ये वाट सोडून चालायचे. ती पावसाळ्याचे चार महिने आडवी होऊन झोपायची नाही. भिंतीला टेकून, गुडघ्यावर उशी घेऊन बसायची. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. सकाळी मी उठले की आधी तो आवाज येतो का ते ऐकायची. आला की बरं वाटायचं, इतकी मी त्या आवाजाला सरावले होते.

माझ्यावर तिनं पहिल्या वर्षी फार हसून घेतलं. भाताची रोपं मी उलटी धरते म्हणून, पागोळीखाली बादली लावून पाणी साठवते म्हणून. बादली भरली की मी ती घरात आणून ठेवायची. रांजण भरलेला, हंडे भरलेले, तरी माझ्यानं पाणी वाया गेलेलं बघवायचं नाही. ती बायकांना सांगायची की आमची सून पाऊस पेटीत घालून ठेवणार आहे. पण घरातली एकमेव कोरडी जागा, माळ्याच्या शिडीखालची, तिनं मला झोपायला दिली होती आणि स्वतः ओल आलेल्या भिंतीला टेकून बसत होती. माझा तिच्यावर फार जीव होता. नवरा वर्षातून दोन महिने यायचा, माझा संसार खरं म्हणजे तिच्याशीच झाला.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मामा, म्हणजे माझे सासरे, तिला साताऱ्याला डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं की हिला चुलीपासून लांब ठेवा, धूर हाच हिचा आजार. मामा परत आले ते काहीतरी मनात धरूनच. हवालदार होऊन निवृत्त झालेले, उत्तरेकडच्या बर्फात अनेक वर्षं काढलेली. तिकडं फौजेत बुखारी असते, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. पत्र्याची बंद शेगडी, आत दगडी कोळसा, आणि धूर नळीतून बाहेर. घरात धुराचा कणसुद्धा येत नाही. कराडच्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडून त्यांनी ती चार दिवस बसून करून घेतली. वर तवा आणि भगुलं बसेल अशी सपाट, पुढं छोटं दार, मागं मनगट जाईल एवढ्या नळीचं तोंड. कोळशाचं पोतं वखारीतून घेऊन एसटीच्या टपावर टाकून आणलं.

आता नळी काढायची कुठून, यावर घरात पहिल्यांदा भांडण झालं. मामांचं म्हणणं, नळी सरळ वर जाऊन कौलातून बाहेर पडली पाहिजे, आढ्याच्याही वर. उंच धुराडं आपोआप ओढतं, वारा कुठूनही असो. आत्यानं ऐकलंच नाही. त्या मुलखात पावसाळ्याआधी कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवतात, शाकारणी म्हणतात तिला. मामा फौजेत असताना वीस वर्षं ती शाकारणी हिनं एकटीनं करवून घेतली होती, स्वतः वर चढून. कौलात भोक पाडलं की तिथून पाणी उतरणार, वासे कुजणार, मग आढं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

“तुमी बाहेर हुता. हे छप्पर मी राखलंय. त्याला भोक पाडू देनार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मामांनी सुतळीनं मागची भिंत मोजली आणि छातीच्या उंचीवर मातीच्या भिंतीत आरपार भोक पाडलं. नळी शेगडीतून निघाली आणि सरळ भिंतीतून परसात बाहेर पडली. ही नळी वाऱ्याच्या मर्जीवर चालते, हे त्यांना माहीत होतं. मला त्यांनी ते सांगितलंही होतं. पण छप्पर तिचं होतं.

शेगडीसाठी त्यांनी दोन नेम घालून दिले. शेगडी पेटती असताना घराचं दार कधी पुरतं लावायचं नाही, दोन बोटं फट ठेवायची. आणि नळीचं बाहेरचं तोंड रोज सकाळी बघायचं, मोकळं आहे ना. तिकडं वर एका ठाण्यावर बर्फ पडून नळीचं तोंड बुजलं आणि आतले दोन जवान शेकत बसल्या जागी गेले, असं त्यांनी सांगितलं. “लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, मानूस पळतो. कोळशाचं तसं न्हाई. त्याचा इषारी वायू दिसत न्हाई, वासबी येत न्हाई.” मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मी ती बर्फाची गोष्ट म्हणून ऐकली. बर्फ मी जन्मात पाहिला नव्हता. कोयनेच्या खोऱ्यात बर्फ कुठून येणार, असंच माझ्या मनात आलं.

ते तीन महिने आमच्या घरातले सुखाचे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत शेगडी चांगली चालली. सकाळी पेटवताना थोडा पिवळट धूर व्हायचा, कोळसा लाल झाला की तो विरायचा. गावातल्या बायका बघायला यायच्या. परसात जाऊन भिंतीतून निघणारी नळी बघायच्या आणि हसायच्या. आत्या त्यांना ऐटीत सांगायची की आमच्या घरात आता पलटणीचा स्वयंपाक होतो. आणि ती आडवी होऊन झोपायला लागली. मी सकाळी उठून तो शिट्टीचा आवाज शोधायची, तर नसायचाच. मग मला घाबरायला व्हायचं आणि मी जवळ जाऊन तिचं पोट वरखाली होताना बघायची.

आषाढ लागला आणि वारा फिरला. आमची मागची भिंत पश्चिमेला. पावसाचा सगळा मारा तिच्यावर, आणि नळीचं तोंड नेमकं त्याला सामोरं. वाऱ्याचा झोत आला की धूर उलटा शेगडीच्या दारातून घरात यायचा. कधी पाणीही यायचं. आत्या म्हणाली, तुमच्या बुखारीला पाऊस सोसत नाही, माझ्यासारखीच आहे. मामांनी दोन दिवस विचार केला. मग त्यांनी ठरवलं की बाहेर नळीला कोपर बसवायचा आणि तिथून नळी भिंतीच्या कडेनं वळचणीच्या वर न्यायची. कौलाला हात लावायला नको आणि उंचीही मिळेल. आत्याही कबूल झाली. कोपर आणि नळी आणायला ते सकाळच्या गाडीनं कराडला गेले. जाताना मला बजावून गेले की मी येईपर्यंत शेगडी पेटवायची नाही.

त्या दिवशी आमच्या रानात लावण होती. पैऱ्यानं, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला, आलेल्या सात-आठ बायका चिखलात उभ्या होत्या, त्यांची भाकरी दुपारपर्यंत पोचवायची होती. मी चूल पेटवली. लाकडं फुसफुसत राहिली. धुरानं स्वयंपाकघर भरलं आणि आत्याला धाप लागली. मी तिला ओसरीवर नेऊन बसवलं, तर तिथं पावसाच्या झडीनं ती कुडकुडायला लागली. तिचे ओठ निळे झाले होते. माझ्याकडं बघून तिला काही सांगायचं होतं, पण शब्दाएवढा श्वास तिच्यात नव्हता. मला मामांचं बोलणं आठवत होतं. तरीही मी चूल विझवली आणि शेगडी पेटवली.

सुरुवातीला धूर आला. मी मागचं दार सताड उघडून उभी राहिले. अर्ध्या तासात कोळसा लाल झाला, धूर विरला. तव्यावर भाकरी टम्म फुगायला लागल्या. आत्याला आत आणून शेगडीजवळ बसवली. तिची धाप बसली. माझं मन इतकं हलकं झालं की मी त्या भाकरी थापताना गुणगुणत होते.

शेवटची भाकरी उतरवली आणि वाऱ्याचा मोठा झोत आला. नळीतून पाणी आत आलं, कोळसे चरचरले. असं चाललं तर शेगडी विझणार, पुन्हा पेटवायची म्हणजे पुन्हा धूर. तेव्हा मी जे केलं ते माझ्या माहेरचं होतं. आमची घरं धाब्याची, वर मातीचं सपाट छत. त्या छतात चुलीच्या वर एक भोक असतं, त्याला सवणं म्हणतात. धूर त्यातून जातो, उजेडही त्यातूनच येतो. पावसाचा थेंब पडला की घरातल्या पोरीनं शिडीवरून धाब्यावर पळायचं आणि सवण्यावर फरशी ठेवायची. मी पाच वर्षांची असल्यापासून हे केलं होतं. चूल पेटती असेल तर मात्र थांबायचं. धूर संपून नुसता इंगळ राहिला की मग झाकायचं. कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही, अंगातच होतं.

इथंही धूर संपला होता, नुसता इंगळ होता. मी तुपाचा रिकामा डबा घेतला, डोक्यावर पोतं टाकलं, परसात गेले आणि नळीच्या तोंडावर डबा बसवला. तो इतका घट्ट बसला, जणू त्यासाठीच केलेला. आत येऊन पाहिलं तर पाणी थांबलं होतं. आत्या म्हणाली, “दार लाव गं पोरी, गारठा येतोय.” मी दार लावलं. दोन बोटांची फटसुद्धा ठेवली नाही. भाकरीची पाटी डोक्यावर घेतली आणि रानात गेले.

दोनेक तासांनी मी परतले. दार उघडलं तर आत उबारा होता. आत्या शेगडीशेजारी कुशीवर आडवी झाली होती, पुढ्यात निवडायचे तांदूळ तसेच. तिच्या गालांवर लाली होती. इतकी टवटवीत मी तिला पाहिलीच नव्हती. छातीत शिट्टी नाही, काही नाही. मला वाटलं, किती दिवसांनी पावसाळ्यात आडवी होऊन झोपली. मी तिच्या अंगावर वाकळ घातली. आवाज होऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं आणि ओसरीवर बसून पाय धुतले. हे मी आजवर एका माणसाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. डबा बसवला तो अडाणीपणा होता, त्याला मी स्वतःला कधीतरी माफ करीन. वाकळ घालून दार ओढून घेतलं, ते मात्र मला आजही आतून खातं.

मामा खांद्यावर नळी घेऊन आले. ओसरीवरूनच त्यांनी विचारलं, ती कुठं आहे. मी म्हणाले झोपल्यात, शेगडीपाशी. नळी त्यांच्या हातातून पडली. पुढचं सगळं फार भराभर झालं. त्यांनी दार लाथेनं उघडलं, तिला दोन्ही बगलांत धरून ओढत परसात, भर पावसात आणलं, तोंड वर करून धरलं आणि तिला हाका मारायला लागले. वीस वर्षं लांब राहिलेल्या त्या माणसाला बायकोला नावानं हाक मारताना मी तेव्हाच ऐकलं. बऱ्याच वेळानं ती ओकली. डोळे उघडले, पण ओळख नव्हती. बाजेवर घालून चौघांनी तिला रस्त्यापर्यंत नेली, तिथून पाटणच्या दवाखान्यात.

निघण्याआधी मामा मागं वळले. भिंतीपाशी गेले, नळीवरचा डबा ओढून काढला आणि क्षणभर हातात धरला. मी समोरच उभी होते. त्यांनी तो कुंपणापलीकडं ओढ्यात टाकला आणि माझ्याकडं न बघता बाजेला खांदा दिला.

पाच दिवसांनी ती घरी आली. गाव बघायला लोटलं. कसं झालं, जो तो विचारत होता. मामा प्रत्येकाला एकच सांगायचे, नळी मी चुकीची बसवली, भिंतीतून काढायला नको होती. मी दर वेळी आत चहा करत असायची, चुलीवर, धुरात.

नवऱ्याला तार गेली होती. त्याचं पत्र आलं. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, घरातलं लिहिणं-वाचणं मीच करायची. ते पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलानं बापाला लिहू नये ते त्यात होतं. आयुष्यभर आईला एकटी टाकली, परत आलात ते तिला मारायला आलात का, असं. मी दोनदा अडखळले. मामांनी हात करून पुढं वाच म्हणून खुणावलं. संपल्यावर त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले,

“लिव्ह. पोराचं बरोबर हाय म्हनून लिव्ह. चूक माजी.”

आणि मी लिहिलं. माझ्या अक्षरात, त्यांच्या नावानं, खाली त्यांची सही घेऊन. माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर ते पत्र वेगळं झालं असतं. मला नवऱ्याची भीती होती, गावाची होती, माहेरी हाकलून देतील याची होती. आज हे सगळं फार किरकोळ वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

दसऱ्यानंतर मामांनी कौलं उतरवून छपराला भोक पाडलं. विटांचं धुराडं उभं केलं, आढ्याच्या हातभर वर, त्यावर पावसाची टोपी. आत्या खाली बसून बघत होती. वासा कापला. तिनं एकदाच वर मान करून त्या भोकातून दिसणारं आभाळ पाहिलं आणि पुन्हा हातातल्या शेंगा सोलायला लागली. मामा शिडीवरच थांबले होते, ती काही बोलेल म्हणून. मग कामाला लागले.

धुराडं उत्तम चाललं. कसलाही वारा असो, धूर वर ओढला जायचा. आत्याचा दमा जवळजवळ गेला. पण डोकं राहिलं नाही. भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. बियाण्याचं भात कोणत्या कणगीत आहे हे तिला सांगता येईना. सकाळी झालेलं दुपारी उरायचं नाही. जुनं मात्र लख्ख आठवायचं, कोणत्या साली कोणता वासा बदलला तेसुद्धा. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला हवा मिळाली नाही, आता असंच राहणार. तिची ती जीभ गेली. बायकांना ती नुसती हसून दाखवायची, गावातले बाप्ये आता तिच्या समोरून बिनधास्त जायचे. ते मला बघवायचं नाही.

चार वर्षांनी मामा गेले. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसायची. रोज ठरवायची की आज सांगीन, सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. ते एकदा माझ्या हातावर थोपटून म्हणाले, हिला सांभाळ. मी हो म्हणाले. एवढंच आमचं बोलणं झालं.

त्यांचे दिवस झाले आणि पाहुणे गेले त्या दुपारी मी आणि आत्या शेगडीपाशी दोघीच होतो. मी तिला सगळं सांगितलं. डबा, दार, वाकळ, पत्र. रडत रडत सांगितलं, काही गाळलं नाही. तिनं लक्ष देऊन ऐकलं. त्या दुपारी तिचे डोळे पूर्वीसारखे झाले होते, असं मला वाटलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

“माझा जीव घाबरला म्हनून पेटवलीस न्हवं? मग रडतीस कशाला. मी काय मेली न्हाई.”

त्या रात्री मी कित्येक वर्षांनी गाढ झोपले. सकाळी तिला चहा दिला. तिनं माझ्याकडं, शेगडीकडं, मग वर धुराड्याकडं पाहिलं आणि विचारलं, ह्यांनी कौलाला भोक कवा पाडलं. कालचं तिला काही आठवत नव्हतं.

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. रोज आम्ही दोघी त्या शेगडीपाशी बसायचो. मी तिला पुन्हा कधी सांगितलं नाही. एकदा तिनं माफ केलं होतं. दुसऱ्यांदा ऐकून ती काय म्हणेल, याची मला खात्री नव्हती.